बोट नाही, गाव नाशिक, आणि गळ मात्र समुद्रात टाकायचाय

नाशिकमध्ये राहून समुद्रावर मासे धरायला जातो असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग लगेच विचारतात, पापलेट मिळालं का? पापलेट गळाला लागतच नाही हो. सप्टेंबर 2023 मध्ये त्याला राज्यमासा केलं, पेपरात फोटोबिटो आले, तेव्हापासून तर हा प्रश्न डबल झालाय, पण तो मासा खातो जेलीफिश आणि पाण्यात तरंगणारे बारीक जीव, कोलंबी लावलेल्या गळाकडे तो कशाला बघेल. तो जाळ्याचा मासा. दुसरा प्रश्न घोळचा. 2021 च्या ऑगस्टमध्ये पालघरजवळच्या मुरब्याच्या एका बोटीला दीडशेच्या वर घोळ मिळाले आणि कोटीच्या वर पैसे झाले, ती बातमी व्हॉट्सअपवर अजून फिरते. ते पण खोल समुद्रात, बोटीने. आपण किनाऱ्यावर उभं राहणारी माणसं, आपल्या नशिबात ढोमी, शिंगाळा, करकरा, बोय, खाडीच्या तोंडाशी रावस, आणि दिवस चांगला असेल तर जिताडा किंवा तांबोशी. आणि हे काय कमी आहे का!

मेसेज येतात त्यातले निम्मे एकाच वाक्याचे असतात, "भाऊ एखादा चांगला स्पॉट सांग ना". लोकेशन पिन पाहिजे असते. मी पाठवत नाही आणि त्याचं कारण कंजूषपणा नाही (थोडा आहे). पिन पाठवून उपयोग शून्य असतो. ज्या जागेवर मला सकाळी सात वाजता रावस लागला त्याच जागेवर तुम्ही दुपारी दोनला गेलात तर तिथे पाणीच नसणार, चिखलात कुत्री फिरत असतील. समुद्रावर जागा ही एकटी नसतेच, जागा आणि वेळ जोडीनेच येतात, आणि बोट नसलेल्या माणसाला तर हे जास्तच लागू, कारण बोटवाला पाण्याच्या मागे जाऊ शकतो, आपल्याला पाणी आपल्याकडे येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून जागा शोधायची कशी हे सांगतो, पिन तुमची तुम्ही टाका.

आधी कुठे जायचं. नाशिकहून समुद्र म्हटलं की सगळे कसारा घाटाने मुंबईकडे बघतात, मग भिवंडीचं ट्रॅफिक आणि निम्मा दिवस रस्त्यात. मी त्र्यंबकचा रस्ता धरतो. त्र्यंबक, आंबोली घाट, मोखाडा, जव्हार, आणि तिथून एकतर विक्रमगड मनोर करत पालघर, नाहीतर कासा चारोटीवरून डहाणू. मध्यरात्रीनंतर निघालं तर उजाडायच्या आत किनारा येतो. रस्ता मात्र जव्हारच्या अलीकडे पलीकडे वळणावळणाचा आहे, रात्री गुरं बसलेली असतात रस्त्यावर, धुकं असतं, तिथे घाई करायची नाही. केळवे, माहीम, शिरगाव, सातपाटी, चिंचणी, डहाणू, बोर्डी हा सगळा पट्टा आपल्या टप्प्यात आहे. रत्नागिरी मालवण हवं असेल तर ते तीन चार दिवसांची सुट्टी काढून, तो वेगळा विषय, त्याच्याबद्दल खाली थोडं बोलतोच.

या उत्तरेकडच्या किनाऱ्याची एक खासियत आधी डोक्यात फिट करून घ्या. इथे भरती-ओहोटीतला फरक प्रचंड आहे. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास वर-खाली होतं, आणि जसजसं वर खंबातच्या आखाताकडे जाल तसा हा आकडा वाढतच जातो, कारण आखात आत निमुळतं होत जातं आणि आत शिरलेल्या पाण्याला जायला जागा राहत नाही, मग ते वर चढतं. भावनगरकडे तो दहा मीटरपर्यंत जातो. उलट खाली सिंधुदुर्गात मुंबईच्या जेमतेम निम्मा. त्यात डहाणू बोर्डीचा किनारा सपाट, उतार जवळजवळ नाहीच, त्यामुळे ओहोटीला पाणी पार अर्धा किलोमीटर आत जातं. पहिल्यांदा येणारा माणूस ओहोटीला पोचतो, समोर चिखल आणि वाळू बघतो, म्हणतो इथे काय मासे असणार, आणि चिकू खाऊन परत जातो. खरं तर ती वेळ सोन्यासारखी आहे, कारण समुद्राचा तळ तुमच्यासमोर उघडा पडलेला असतो आणि तो फुकटात बघायला मिळतोय. बोटवाल्यांना त्यासाठी फिशफाइंडर घ्यावा लागतो.

तर सुरुवात घरातून, सोफ्यावर बसून. फोनवर सॅटेलाइटचा नकाशा उघडायचा, पण शक्यतो कॉम्प्युटरवर गूगल अर्थ उघडा कारण तिथे जुन्या तारखांचे फोटो बघता येतात. एकाच किनाऱ्याचे वेगवेगळ्या वर्षांचे फोटो बघत गेलं की एखादा तरी नेमका ओहोटीच्या वेळचा सापडतो. भरतीच्या फोटोत नुसतं गढूळ पाणी दिसतं आणि ओहोटीच्या फोटोत खाडीचा प्रवाह कुठून वळसा घालतो, वाळूचा दांडा कुठे आहे, खडक कुठे सुरू होऊन कुठे संपतात, सगळं काढून ठेवल्यासारखं. खाडी समुद्राला मिळते ते तोंड बघायचं, त्या तोंडाच्या कुठल्या बाजूला पाणी गडद दिसतंय ते बघायचं (गडद म्हणजे बहुतेक वेळा खोल, पण कधीकधी नुसता खडक असतो, ते जाऊनच कळतं), तिवरांच्या झाडीतून छोटे ओहोळ कुठे बाहेर येतात, आणि रस्ता किनाऱ्याच्या किती जवळ जातो. हे शेवटचं फार महत्त्वाचं. रॉड, पाणी, आमिषाचा डबा घेऊन सुरूच्या बनातून वाळू तुडवत जायचं आणि तसंच परत यायचं, उन्हात. एप्रिलमध्ये एक किलोमीटर तीनसारखा वाटतो.

आता वेळ. यासाठी ॲप आहेत, सर्व्हे ऑफ इंडियाची भरतीची टेबल्स असतात, हैदराबादच्या इन्कॉइसच्या साइटवर लाटांचे इशारे येतात, हे सगळं बघायचंच. पण महिनाभर आधी शनिवार-रविवार ठरवताना मी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय बघतो. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. म्हणजे अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, सहा वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या, पंधरा गुणिले पाऊण, सव्वा अकरा. शुक्ल असो की कृष्ण, मोजणी एकच. दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून सकाळचे सहा तसेच संध्याकाळचे साडेसहाच्या आसपास. हा हिशोब दक्षिण कोकणाला जास्त जवळचा आहे, मुंबईला त्यात साधारण तासभर मिळवायचा, आणि डहाणूकडे आणखी थोडा. अंदाजाला चालतो, नक्की मिनिटासाठी टेबल.

यातून एक मजेशीर गोष्ट बाहेर येते जी ॲपवर रोज नुसते आकडे बघणाऱ्याला लवकर दिसत नाही. आपल्या या पट्ट्यात पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास भरती नेहमी दुपारी बारा-एकच्या सुमाराला आणि मध्यरात्री येते. नेहमी! म्हणजे ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी. आणि त्या दिवसांत पाणी सगळ्यात जास्त आत जातं. म्हणजे उजेडात जागा हेरायला, तळ बघायला, फोटो काढायला पौर्णिमेनंतरचा शनिवार-रविवार एकदम परफेक्ट, सकाळी सहा-सातला गेलात की समुद्र लांब गेलेला, ऊन नाही, निवांत फिरा. पण त्याच दिवशी मासेमारी करायची म्हटली तर पाणी येतं भर दुपारी, डोक्यावर ऊन, आणि उधाणाच्या जोराने तळाचा सगळा गाळ ढवळून निघालेला, गळाला शैवाल आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या.

मग मासेमारीला कधी? मला विचाराल तर दशमी, एकादशी, द्वादशी. भांग (अष्टमीच्या आसपासची कमी जोराची भरती-ओहोटी) नुकताच मोडलेला असतो, पाण्याला पुन्हा ओढ यायला लागलेली असते पण अजून गढूळपणा चढलेला नसतो. आणि हिशोब करून बघा, एकादशीची पाऊणपट सव्वा आठ, अधिक तास-सव्वा तास, म्हणजे सकाळी साडेनऊच्या आसपास पूर्ण भरती. म्हणजे पाणी पहाटे साडेतीनपासून चढत असतं आणि उजाडतं तेव्हा ते ऐन जोरात असतं. चढतं पाणी आणि पहाटेचा उजेड एकत्र, याहून चांगलं काही मिळत नाही, आणि संध्याकाळी सूर्य बुडताना पुन्हा तोच खेळ. आता यातली अडचण नाशिकच्या कुठल्याही घरातल्या माणसाच्या लक्षात आली असेल. आईची एकादशी! साबुदाण्याचा डबा गाडीत आणि परत येताना डिकीत करकरा, तो घरात घ्यायचा नाही, फ्रीजला हात लावायचा नाही, द्वादशीची आंघोळपूजा होईपर्यंत आइसबॉक्स गच्चीवर. वाद घालण्यात अर्थ नाही, बर्फ जास्त घ्यायचा.

जागा हेरायला जाल तेव्हा रॉड नेऊच नका असं माझं स्पष्ट मत आहे. रॉड हातात असला की माणूस पहिल्या बऱ्या दिसणाऱ्या पाण्यात गळ टाकून बसतो आणि बाकी किनारा बघायचाच राहून जातो. जुने स्पोर्ट्सशूज घाला (चपला चिखलात राहतात, आणि अनवाणी गेलात तर कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात), आणि फोन. पाणी उतरत असताना जा, त्याच्या मागे मागे चालत जा. सगळा किनारा सपाट दिसतो तरी नीट बघितलं तर ठिकठिकाणी चर असतात, किनाऱ्याला समांतर, गुडघाभर ते कमरेएवढे खोल, आणि त्यांना समुद्राकडे एक तोंड असतं जिथून शेवटचं पाणी बाहेर ओढलं जातं. ते तोंड हीच जागा. पाणी परत येताना आधी तिथूनच आत घुसतं, चरातून पसरतं, आणि त्याच्याबरोबर बोईची पिल्लं, करदी (बारीक कोलंबी), आणि त्यांच्या मागे मोठा मासा. त्या तोंडाशी उभं राहून किनाऱ्याकडे तोंड करायचं आणि मागची एखादी न हलणारी खूण पकडायची, एखादं सुरूचं झाड, मोबाइल टॉवर, पांढरी भिंत, दोन खुणा एका रेषेत येतील अशा. कारण भरतीला हे सगळं पाण्याखाली जाणार आणि तुम्हाला फक्त त्या रेषेवरून कळणार की गळ कुठे टाकायचा. फोनवर पिन टाकली तरी खुणा घ्याच, पहाटे अंधारात ओल्या हाताने फोन चालत नाही.

आणि माणसांशी बोला. डहाणूच्या अलीकडे एका खडकाळ पट्ट्यात ओहोटीला बायका कालवं फोडायला येतात, कोयत्यासारखं छोटं हत्यार, बाजूला पातेलं, उकिडवं बसून दोन ठोक्यात शिंपला उघडून आतला गर पातेल्यात. नुसतं बघत राहावंसं वाटतं. त्यातल्या एका मावशींना मी विचारलं की मावशी इथे मोठा मासा कुठे येतो, तर त्यांनी मान वर न करता हत्याराने दाखवलं, तो काळा खडक दिसतो ना, त्याच्या पाठीमागे डबकं राहतं, पाणी आटलं तरी ते आटत नाही, तांब तिथंच बसतो. मी जाऊन बघितलं तर खडकाच्या समुद्राकडच्या बाजूला लाटांनी खालून पोखरून कपारच केलेली, आत हात घालायची हिंमत झाली नाही, पाणी काळं आणि थंड, कडेला खेकड्यांच्या कवच्या पडलेल्या. तांबोशी खेकडे खातो. कवच्या दिसल्या म्हणजे जेवणाची खोली सापडली. नंतर तिथे चढत्या पाण्यात अख्खा छोटा खेकडा लावून टाकला तेव्हा काय झालं ते सांगत नाही, पण जाड लीडर (गळाच्या आधीचा दोरीचा शेवटचा तुकडा) लावून जा एवढं सांगतो, कारण तो मासा आमिष उचलला की सरळ कपारीत शिरतो आणि दोरी खडकावर घासून तुटते, पहिले दोन सेकंद तुमचे नाहीतर त्याचे.

खाडीचं तोंड मात्र सगळ्यात भरवशाचं, नवीन माणसाने तिथूनच सुरुवात करावी. तिथे भरतीला चढतं पाणी आणि ओहोटीला उतरतं पाणी, दोन्ही कामाचं. ओहोटी सुरू झाल्यावर पहिले दोन तास तिवरांत शिरलेली सगळी बारीक मासळी, कोलंबी परत बाहेर यायला लागते आणि तोंडाशी जिताडा दबा धरून बसलेला असतो. बघायची गोष्ट म्हणजे प्रवाहाची कड. जोरात वाहणारं पाणी आणि शांत पाणी जिथे एकमेकांना घासतं तिथे पाण्यावर एक रेघ दिसते, फेस, काटक्या, पानं त्या रेघेवर गोळा होतात. मोठा मासा शांत बाजूला थांबतो, ताकद वाया घालवत नाही, आणि जोरातल्या पाण्यातून वाहत येणारा घास उचलतो. गळ त्या रेघेवर पडला पाहिजे. मध्यभागी लांबवर फेकायची हौस सगळ्यांना असते, पण कित्येकदा मासा तुमच्या पायापासून दहा पावलांवर असतो. बगळे बघा, खंड्या बघा, त्यांना रोज तेच खायचंय, ते चुकीच्या जागी उभे राहत नाहीत. कुरव पक्षी एका ठिकाणी घिरट्या घालून सूर मारत असतील तर खाली काहीतरी हाकललं जातंय हे नक्की.

जिताड्याचं अजून एक. हा मासा जन्मतो तो नर, आणि मोठा झाल्यावर मादी होतो. त्यामुळे मोठमोठे जिताडे जवळपास सगळे माद्या, आणि पावसाळ्यात त्या खाडीच्या तोंडाशी अंडी घालायला उतरतात. मी मध्यम ठेवतो आणि एकदम मोठा लागला तर सोडतो. मित्र शिव्या घालतात. घालू देत.

धक्का, जेट्टी, पूल यांच्याबद्दल फार लिहीत नाही, तिथे खांबाच्या सावलीत मासा असतो हे सगळ्यांना माहीत आहे, बोटींची ये-जा नसताना जायचं आणि विचारून जायचं. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या आसपास, बंदरांच्या हद्दीत, जिथे बोर्ड लावलेत तिथे जायचंच नाही, लांब रॉडची बॅग खांद्यावर घेऊन पहाटे चारला फिरणारा माणूस कसा दिसतो याचा विचार करा. आधारकार्ड जवळ ठेवा.

गढूळ पाण्याचं काय? हा प्रश्न युट्यूब बघून येणाऱ्यांचा. व्हिडिओत निळं पाणी असतं, चमचमणारा मिनो (माशासारखं नकली आमिष) फेकला की मासा झडप घालतो. आपल्या डहाणू-पालघरला वीतभर खाली दिसत नाही, बारा महिने गाळ. तिथे मासा डोळ्याने कमी आणि वासाने, पाण्यातल्या हालचालीने जास्त शोधतो. म्हणून आमिष खरं पाहिजे आणि ताजं पाहिजे. सकाळी तिथल्याच बाजारातून कोलंबी घ्या, बोय मिळाला तर त्याच्या पोटाकडच्या पट्ट्या कापा, रक्त असलेला भाग बाहेर राहील असा गळाला लावा. नाशिकहून फ्रीजमधली कोलंबी नेली तर तिचा लगदा होतो आणि पहिल्याच फेकीत सुटून जाते. आणि चिंबोऱ्या! तळाला आमिष टाकलं की पाच मिनिटांत चिंबोरी येऊन कातरते, तुम्हाला वाटतं मासा टोचतोय, ओढलं तर रिकामा गळ. शिसं खाली आणि गळ वीत-दोन वीत वर राहील अशी जोडणी केली की त्रास जरा कमी होतो. लालसर किंवा पांढरे रबरी लूर, म्हणजे नकली आमिषं, संथ ओढले तर कधीकधी चालतात, पण खरी लूरची मजा दक्षिणेला, रत्नागिरीच्या खाली, जिथे पाणी स्वच्छ, खडक थेट खोल पाण्यात उतरलेले, आणि भरतीचा फरक कमी असल्यामुळे एका जागेवर दिवसभर उभं राहता येतं. तिथे गोबरा आहे, चणक आहे. तिथले लोक गरवायला जातात ते नुसत्या हातदोरीने, आणि आमच्या बारा फुटी रॉडला हसतात, हसण्यासारखंच असतं.

आता जे लिहायला कंटाळा येतो पण लिहिलंच पाहिजे ते. सपाट किनाऱ्यावर भरती समोरून येत नाही, मागून येते. तुम्ही पुढच्या वाळूच्या दांड्यावर उभे असता, समोरचं पाणी अजून घोट्याला आहे म्हणून निवांत असता, आणि तुमच्या पाठीमागचा तो चर, ज्यातून तासाभरापूर्वी गुडघाभर पाण्यातून आलात, तो छातीपर्यंत भरलेला असतो. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात थोडं, दुसऱ्यात जास्त, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मं पाणी येतं. पाच मीटरची भरती असेल तर त्या दोन तासांत अडीच मीटर, म्हणजे माणसाच्या डोक्यावरून. म्हणून पुढच्या दांड्यावर जायचंच असेल तर ओहोटीच्या शेवटाला जा आणि पाणी फिरलं की मागे या, मासा लागत असला तरी. चराच्या अलीकडे येऊन पुन्हा सुरू करा, मासा पण तिथेच येणार आहे. चिखलात पाय न उचलता घसटत चाला, पाकट तळाला बसलेला असतो, घसटल्याने तो पळतो, पाय थेट वर पडला तर काटा मारतो. शिंगाळ्याचे तीन काटे, पाठीवर एक आणि दोन बाजूंना, ते विषारी आहेत, पकड किंवा फडकं वापरा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवायचा, वेदना उतरते, आणि मग डॉक्टर. थर्मासमध्ये चहा असतोच, सोबत एक थर्मास नुसत्या गरम पाण्याचा. आणि खडकावर उभं राहायचं असेल तर आधी पंधरा मिनिटं लांबून लाटा बघा, लहान लाटांमध्ये मधूनच एक भलतीच मोठी येते. खडक ओला आहे म्हणजे लाट तिथवर येते, इतकं साधं आहे.

पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. आपल्याकडे बोट नाही म्हणून आपल्याला मोकळं रान असं काही जण समजतात. ज्या समुद्रामुळे बोटी बंद ठेवतात त्याच समुद्राच्या कडेला उभं राहायचंय तुम्हाला. त्या दिवसांत मी फारतर खाडीत बराच आत जातो, नाहीतर सरळ घरी. शिवाय पावसाळ्यात निळ्या पिशवीसारखे पोर्तुगीज मॅन ओ वॉर किनाऱ्याला लागतात, 2018 च्या ऑगस्टमध्ये मुंबईत बऱ्याच जणांना डंख झाले होते, वाळूवर मेलेले दिसले तरी हात लावायचा नाही. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र हळूहळू निवतो, आणि सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हा माझा आवडता काळ. खाडीचं गोडं पाणी ओसरत असतं, कोलंबी भरपूर, आणि जव्हारचा घाट हिरवागार.

कोळीवाड्याबद्दल एवढंच, की ते त्यांचं शेत आहे. किनाऱ्यावर खुंट ठोकलेले दिसले म्हणजे तिथे जाळी लागतात, भरतीला ती पाण्याखाली जातात आणि तुमचा गळ त्यात अडकला की तुम्ही दोरी कापून मोकळे, पण जाळ्यातून मासा काढताना तो गळ कुणाच्यातरी बोटात घुसणार. मांगेला, कोळी, वैती मंडळी या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आधी जाऊन "काका, इथे गळ टाकला तर चालेल का, जाळी कुठे आहेत?" एवढं विचारलं की बहुतेक वेळा जागा तर मिळतेच, वर वारा कुठला आहे, काल काय लागलं हे पण कळतं. सध्या डहाणूजवळ होणाऱ्या वाढवण बंदरामुळे त्या भागात लोकांच्या मनात बरंच काही चाललंय, 30 ऑगस्ट 2024 ला भूमिपूजन झालं, ज्यांची मासेमारी जाणार आहे त्यांना आपण हौशी लोकांनी तिथे जाऊन शहाणपणा शिकवू नये, ऐकून घ्यावं. मला स्वतःला तो खडकाळ पट्टा जाणार याचं वाईट वाटतं, कारण असा तळ उत्तरेकडच्या किनाऱ्यावर फार ठिकाणी नाही.

सामानाचं लोक फार डोक्यावर घेतात. दहा-बारा फुटी रॉड, मध्यम रील, ब्रेडेड दोरी, चार-पाच वजनांची शिसं, सर्कल हुक (टोक आत वळलेला गळ). बस. फेकण्याची प्रॅक्टिस नाशिकमध्येच करता येते, मी गोल्फ क्लब मैदानावर पहाटे गळ न लावता नुसतं शिसं लावून फेकायचो, वॉकला आलेले एक आजोबा रोज थांबून बघायचे, शेवटी एक दिवस म्हणाले, "बाळा, इथं काही लागणार नाही, गंगेवर जा." (गंगा म्हणजे आमची गोदावरी. आणि मैदानावर कडेला, माणसं नसतील तिथेच फेका, शिसं लागलं तर डोकं फुटेल.) गंगापूर धरणावर गळ टाकायचा असेल तर मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते विचारून घ्या, तिथे चिलापी आणि मरळवर हात बसतो, पण खाऱ्या पाण्याची ओढ वेगळीच.

परतीचं. मासा लागला की तिथेच आतडी-कल्ले काढून रक्त धुवून बर्फात, नुसत्या बर्फात नाही तर बर्फात थोडं समुद्राचं पाणी घालून, म्हणजे सगळीकडून गार होतो. मनोरच्या किंवा चारोटीच्या नाक्यावर पुन्हा बर्फ भरून घ्या, पुढे जव्हारपर्यंत भरवसा नाही. रील त्याच रात्री गोड्या पाण्याने हळू धारेखाली धुवा, जोरात नळ सोडला तर मीठ आत जातं, आणि पुसून ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल करून ठेवा. गाडी पण खालून धुवा. पुढची दशमी ते द्वादशी शनिवार-रविवारला जोडून येतेय का ते बघून ठेवलंय, आणि वारा दहा-बारा किलोमीटरच्या आत असेल तर केळव्याच्या बाजूला एक ओहोळाचं तोंड आहे, नकाशावर बरं दिसतंय, ओहोटीला अजून बघितलेलं नाही. कुणाला यायचं असेल तर मेसेज करा, डिझेल वाटून घेऊ, पण पहिल्या फेरीला रॉड आणायचा नाही.